नव्या कणाआधी बनलेल्या कणाची परीक्षा घ्या: पुण्यातील संशोधन-निधी समित्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे परिसरातील संशोधन संस्थांचे संचालक आणि कर्करोगावरील नॅनोऔषधांच्या प्रकल्पांना निधी देणाऱ्या समित्यांचे सदस्य

सविनय नमस्कार.

कर्करोगाची गाठ स्कॅनमध्ये दाखवायची आणि त्याच पॉलिमरच्या नॅनोकणातून (मीटरच्या अब्जांशांत मोजल्या जाणाऱ्या कणातून) तिथे औषधही पोचवायचे, ही कल्पना संशोधनात आता नवी राहिलेली नाही. पुण्यात तर तिला लागणारे सगळे ज्ञान हाताशी आहे. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर विज्ञानाची मोठी परंपरा आहे. आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), आगरकर संशोधन संस्था, विद्यापीठातले विभाग, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये एकमेकांपासून दुचाकीने फार तर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत. तरीही प्रस्तावांत दरवर्षी दिसतो तो आणखी एक नवा कण: गाठीच्या पेशींना चिकटणारा नवा लिगँड, चमकणारा नवा रंग म्हणजे डाय, आम्लतेला (पीएचला) फुटणारा नवा बंध, आणि शेवटी गाठीच्या जागी लाल-पिवळा ठिपका असलेले उंदराचे चित्र.

आम्ही हे कण बनवणारे, त्यांची तपासणी करणारे आणि त्यांना किरणोत्सारी लेबल लावणारे लोक आहोत. आमची मागणी एकच आहे. या विषयासाठी पुढच्या काही फेऱ्यांत जो पैसा द्याल, त्यातला मोठा हिस्सा बनलेल्या कणांची कसून परीक्षा घेण्यासाठी ठेवा, आणि त्यासाठी पुण्यात सर्व संस्थांना खुली अशी एक सामाईक सुविधा उभारा. हे का हवे, ते तपशिलात लिहीत आहोत, कारण सगळी अडचण तपशिलातच आहे.

आधी साधा हिशेब. डोसेटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाचा एक नेहमीचा डोस शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळाला ७५ मिलिग्रॅम असतो. १.६ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या रुग्णाला १२० मिलिग्रॅम औषध लागते. कणाच्या वजनात औषध ५ टक्के असेल, तर तेवढ्यासाठी २.४ ग्रॅम कण हवेत. प्रयोगशाळेत चुंबकी ढवळणीवर होणारी बॅच साधारण ५० मिलिग्रॅमची असते. म्हणजे एका रुग्णाच्या एका डोससाठी अशा ४८ बॅच. औषधाचे प्रमाण २ टक्क्यांवर घसरले, तर ६ ग्रॅम कण आणि १२० बॅच. प्रस्तावात मात्र ‘तीन बॅचची सरासरी’ एवढ्यावर पुनरुत्पादनक्षमता सिद्ध झाल्याचे मानले जाते, आणि त्या तिन्ही बॅच बहुधा एकाच विद्यार्थ्याने, एकाच आठवड्यात, पॉलिमरच्या एकाच बाटलीतून केलेल्या असतात.

बॅच बदलते ती कुठे, हे कृती जवळून पाहिली की कळते. पेग-पीएलजीए (शरीरात हळूहळू विघटन होणारा पीएलजीए पॉलिमर, त्याला जोडलेली पाण्यात मिसळणारी पेगची साखळी) ५० मिलिग्रॅम आणि औषध २.५ ते ५ मिलिग्रॅम ५ मिलिलिटर ॲसिटोनमध्ये विरघळवायचे, ते ५० मिलिलिटर पाण्यात ढवळत ढवळत सोडायचे, ॲसिटोन उडू द्यायचे, १०० किलोडाल्टनच्या (रेणुभाराचे एकक) पडद्यावर धुऊन कण घट्ट करायचे. वाचायला सोपे आहे. पण पॉलिमरच्या साखळ्या पाण्याला भेटल्यावर कण मिलिसेकंदांत तयार होतात, आणि बीकरमधल्या ढवळणीला ॲसिटोन व पाणी नीट मिसळायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. कणाचा आकार त्यामुळे सुईच्या जाडीवर, थेंब कुठे पडतो यावर आणि ढवळणी किती जोरात फिरते यावर ठरतो. ५० मिलिलिटरला १०० नॅनोमीटरचा कण देणारी कृती दोन लिटरला १६० किंवा १८० देते, आणि सोबत तळाशी गाळही. यावर उपाय माहीत आहे: दोन्ही द्रव ठरलेल्या वेगाने एकमेकांवर आदळवणारा जेट मिक्सर किंवा मायक्रोफ्लुइडिक चिप, आणि नाडीसारखे ठोके न देणारे पंप. हे पहिल्या दिवसापासून वापरले तर मोठी बॅच म्हणजे तीच छोटी बॅच जास्त वेळ चालवणे. कृती बीकरमध्ये बसवून, उंदरांवरचे काम उरकून, मग मिक्सरवर जायचे ठरवले तर कण बदलतो आणि आधीचा सगळा प्राण्यांवरचा डेटा दुसऱ्याच वस्तूचा ठरतो.

पॉलिमरची बाटली हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. पीएलजीए उणे २० अंशांना ठेवतात. फ्रीझरमधून काढून लगेच झाकण उघडले, की पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेतले पाणी थंड पावडरीवर धरते. त्या ओलाव्याने एस्टर बंध हळूहळू तुटतात, साखळ्या आखूड होतात, आणि बाटलीवरचे लेबल तेच असूनही आतला रेणुभार घटलेला असतो. बाटली डेसिकेटरमध्ये तासभर खोलीच्या तापमानाला येऊ देणे, मिळाल्यावर लगेच नायट्रोजनखाली छोट्या वाट्यांत भरून ठेवणे, आणि दर काही महिन्यांनी जीपीसीवर रेणुभार पाहणे एवढेच करायचे असते. पावसाळ्यातली बॅच हिवाळ्यातल्या बॅचहून लवकर औषध सोडते अशी तक्रार आली, की आम्ही आधी हेच तपासतो.

औषध किती भरले, हा आकडाही फसवा असू शकतो. न भरलेले डोसेटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक स्फटिक होतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये कणांबरोबरच तळाशी बसतात. वरच्या पाण्यात औषध सापडले नाही म्हणून ‘९५ टक्के भरले’ असे लिहिले जाते. बॅच ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि आधी व नंतर एचपीएलसीवर औषध मोजा. स्फटिक असतील तर आकडा तिथेच पडतो. आकाराचेही तसेच. डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून कणाचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) विखुरणारा प्रकाश ढोबळमानाने त्रिज्येच्या सहाव्या घातात वाढतो, म्हणजे ३०० नॅनोमीटरचा एक कण १०० च्या साधारण ७०० कणांइतका उजळ दिसतो. तरी संख्येनुसार काढलेली सरासरी दिली, की मोठे गोळे आलेखातून गायब होतात. शुद्ध पाण्यातला आकार तर फारसा उपयोगाचाच नाही. रक्तात मीठ आणि प्रथिने असतात, तेव्हा मोजमाप ३७ अंशांना, सिरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात), निदान २४ तास हवे.

निर्जंतुकीकरण आणि एन्डोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातून येणारे, ताप आणणारे विष) यांवर प्रस्तावांत बहुधा एक ओळही नसते. पीएलजीए ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत) टिकत नाही, गॅमा किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात. राहते ती गाळणी. पण सरासरी १५० नॅनोमीटरच्या बॅचमध्ये २०० च्या पुढचे कण असतातच. ते गाळणीत अडकतात आणि त्यांच्यासोबत औषधही जाते. म्हणून आकार पहिल्यापासून १०० नॅनोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. एन्डोटॉक्सिनची शिरेतून देण्याच्या औषधांसाठीची सर्वसाधारण मर्यादा दर किलो वजनाला तासाला ५ एकक आहे. ६० किलोच्या रुग्णाला तासाभरात २.४ ग्रॅम कण द्यायचे, तर दर मिलिग्रॅमला जेमतेम ०.१२५ एकक परवडते. साध्या बाकावर, साध्या डिस्टिल्ड पाण्यात केलेली बॅच या मर्यादेत येणे कठीण. त्यात कणांचा गढूळपणा आणि आतला डाय एन्डोटॉक्सिन मोजण्याच्या ४०५ नॅनोमीटरवरच्या रंगमापनात ढवळाढवळ करतात. ठरावीक एन्डोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान परत सापडते का, हे पाहिल्याशिवाय ‘आढळले नाही’ या शब्दांना किंमत नाही. आणि याचा फटका दुहेरी बसतो. एन्डोटॉक्सिनने उंदराची प्रतिकारशक्ती चेतवली जाते, गाठ थोडी आक्रसते, आणि ते श्रेय कणाला मिळते.

आता चित्रांबद्दल. या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे.

बहुतेक प्रस्तावांत डीआयआर, डीआयडी किंवा इंडोसायनिन ग्रीनसारखा डाय कणात नुसता कोंडलेला असतो, रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो बाहेर गळत नाही हे दाखवायला डायलिसिसची पिशवी फॉस्फेट बफरमध्ये ठेवतात आणि बाहेरचे पाणी ४८ तास स्वच्छ राहिले म्हणून समाधान मानतात. पण असा तेलकट डाय बफरमध्ये विरघळतच नाही, तो बाहेर येईल कशाला? रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन आणि चरबी वाहून नेणारी लिपोप्रोटीन आहेत, ती या डायला उचलून नेतात. सिरममध्ये ३७ अंशांना ठेवून, सेफारोजच्या कॉलमवर (आकारानुसार घटक वेगळे करणाऱ्या नळीत) कणांचा भाग आणि प्रथिनांचा भाग वेगळा काढून, प्रत्येक भागात डाय किती हे मोजावे लागते. मोठी लिपोप्रोटीन कणांबरोबरच कॉलममधून उतरतात, म्हणून कणांशिवाय नुसता डाय मिसळलेल्या सिरमचा नमुनाही सोबत चालवावा लागतो. हे एका आठवड्याचे काम आहे, आणि यात अनेक सुंदर कण बाद होतात.

गळलेला डाय चित्रात कसा दिसतो? अल्ब्युमिनवर बसलेला डाय अल्ब्युमिनबरोबर फिरतो, आणि अल्ब्युमिन स्वतःच गाठींमध्ये साचते. तेव्हा गाठ उजळते, हळूहळू आणखी उजळते, अगदी कण तिथे पोचल्यासारखी. भर म्हणजे कणात डाय दाटीवाटीने भरलेला असेल तर त्याचा प्रकाश आतल्या आत मालवतो आणि बाहेर गळल्यावरच तो खुलतो. म्हणजे गळती जितकी जास्त तितके चित्र उजळ! ‘२४ तासांनी गाठीतला सिग्नल वाढला’ या वाक्याचा अर्थ कण साचला असा होऊ शकतो, आणि कण रस्त्यातच रिकामा झाला असाही होऊ शकतो. चित्रावरून या दोन्हींत फरक करता येत नाही. फरक करायचा तर डाय पॉलिमरला पक्का जोडा, मोकळा डाय दिलेला उंदरांचा गट ठेवा, आणि चित्रण झाल्यावर गाठ, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, रक्त यांतले औषध एलसी-एमएसवर मोजा. चित्रातला डाय, कणाचा पॉलिमर आणि औषध हे तिघे एकाच ठिकाणी आहेत हे दाखवले तरच चित्राला पुरावा म्हणता येईल. आणखी एक बारीक गोष्ट: साध्या खाद्यातल्या हिरव्या चाऱ्यामुळे उंदराचे पोट त्याच तरंगलांबीला चमकते. चित्रणाआधी काही दिवस शुद्ध घटकांचे खाद्य दिले नाही, तर पोटाजवळच्या गाठींचे आकडे बिघडतात.

शिवाय जवळ-अवरक्त प्रकाश शरीरात फार तर काही सेंटिमीटर जातो. उंदरात तो आरपार दिसतो, माणसाच्या स्वादुपिंडापर्यंत पोचत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर उघड्या जागेत त्याचा उपयोग आहे. संपूर्ण शरीराच्या स्कॅनचे आश्वासन त्याच्या जोरावर देऊ नये. ८०८ नॅनोमीटरच्या लेझरने कण तापवण्याच्या प्रस्तावांतही हेच. त्या तरंगलांबीला त्वचेसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३३ वॅट आहे, आणि प्रयोग १ ते २ वॅटवर केलेले असतात. एवढा एकच आकडा समितीने विचारला तरी बरेच स्पष्ट होईल.

खोलवरच्या गाठींसाठी मग किरणोत्सारी लेबल हवे, आणि तिथे रसायनशास्त्र कडक आहे. ल्युटेशियम-१७७ हा उपचारही करतो आणि त्याच्या २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणांमुळे चित्रही देतो, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. पण तो डोटा या चिलेटरच्या (धातू धरून ठेवणाऱ्या रेणूच्या) पकडीत नीट बसायला ४.५ ते ५.५ पीएचला ९० अंशांच्या आसपास १५ ते ३० मिनिटे तापवावा लागतो. पीएलजीएचा काच-संक्रमण बिंदू (तो मऊ पडू लागतो ते तापमान) कोरड्या अवस्थेत ४५ ते ५० अंश, ओल्या अवस्थेत त्याहून खाली. तापवलेले कण मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. एक तर खोलीच्या तापमानाला चालणारा डीटीपीए वर्गातला चिलेटर घ्या, नाही तर पॉलिमरच्या साखळीला आधी लेबल लावून मग कण बनवा. दुसऱ्या वाटेने सगळी कणनिर्मिती शिसे लावलेल्या भिंतीमागे करावी लागते. स्टीलच्या सुईतून बफरमध्ये उतरलेले लोहसुद्धा चिलेटरच्या जागा अडवते आणि लेबलिंग ९८ वरून ६० टक्क्यांवर येऊ शकते. प्लास्टिकच्या सुया आणि धातू शोषणाऱ्या चिलेक्स राळेवरून काढलेले बफर वापरणे हा शिस्तीचा भाग आहे.

आपल्याकडचे ल्युटेशियम मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७६ पासून थेट बनवतात. त्यात न बदललेले ल्युटेशियम सोबत असते, म्हणजे तेवढ्याच किरणोत्सारासाठी चिलेटरच्या जास्त जागा लागतात. परदेशी लेखातले प्रमाण जसेच्या तसे उचलले तर लेबलिंग अर्धवट राहते. शिवाय त्यात १६० दिवसांचा अर्धायुकाल असलेला ल्युटेशियम-१७७एम अत्यल्प प्रमाणात असतो. त्यामुळे कचरा किती महिने आणि कुठे ठेवणार, याचे उत्तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्यासाठी आधीच तयार हवे. मूळ आयसोटोपचा अर्धायुकाल ६.६५ दिवस. लेबल निदान आठवडाभर सिरममध्ये टिकले पाहिजे. सुटे झालेले ल्युटेशियम हाडांत जाते, म्हणून सांगाड्यात दिसणारा सिग्नल ही लेबल तुटल्याची खूण समजावी. टेक्नेशियम-९९एम सहज मिळते, पण अर्धायुकाल ६ तास. २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो, आणि जास्त वेळ रक्तात फिरण्यासाठी बनवलेला कण तर खरा तेव्हाच मोजायचा असतो.

इथे एक मूलभूत ओढाताण आहे. चांगल्या चित्रासाठी रक्तातले लेबल लवकर निघून जायला हवे, म्हणजे गाठ उठून दिसेल. उपचारासाठी कण जास्त वेळ रक्तात राहायला हवा. उपचाराचा किरणोत्सार अशा रेंगाळणाऱ्या कणावर बसवला, तर तेवढा वेळ अस्थिमज्जा भाजत राहते, आणि कण शेवटी यकृत व प्लीहेत साचला की तिथला डोस वाढतो. मात्रांचेही जुळत नाही: पीईटी स्कॅनला किरणोत्सारी पदार्थ नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये पुरतो, औषध मिलिग्रॅममध्ये लागते, एमआरआयला गॅडोलिनियम त्याहूनही जास्त. सगळे एकाच कणात कोंबले की एकाचे प्रमाण दुसऱ्यासाठी चुकीचे ठरते.

मग चित्रण कशासाठी? निर्णयासाठी. या क्षेत्रात आज रुग्णांपर्यंत पोचलेले यश याच रचनेचे आहे. न्यूरोएन्डोक्राइन (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी गॅलियम-६८ डोटाटेटने (त्या गाठींना चिकटणाऱ्या रेणूने) आधी स्कॅन, गाठीत पुरेसे शोषण दिसले तरच ल्युटेशियम-१७७ डोटाटेट. अमेरिकेत चित्रणाच्या औषधाला २०१६ मध्ये आणि उपचाराच्या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. प्रोस्टेटसाठी पीएसएमएची (प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींवरच्या प्रथिनाची) जोडी २०२२ पासून तशीच. दोन वेगळी औषधे, एकच लक्ष्य, आणि मध्ये डॉक्टरांचा होकार-नकार. याउलट चित्रण आणि उपचार एकत्र असलेला पॉलिमर नॅनोकण अजून नेहमीच्या वापरात आलेला नाही. २००७ साली दक्षिण कोरियात मान्यता मिळालेले पेग-पीएलए मिसेलमधले (पॉलिमरच्या साखळ्यांच्या सूक्ष्म गोळीतले) पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध पॉलिमरचे यश आहे, पण त्यात चित्रण नाही.

नॅनोकणांना अशा निवडीची गरज किती आहे, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. हर-२ या कर्करोगपेशींवरच्या प्रथिनावर नेम धरणारे, डॉक्सोरुबिसिन औषध भरलेले लायपोसोम (चरबीचे सूक्ष्म फुगे), एमएम-३०२, कॉपर-६४ ने लेबल करून स्तनाचा कर्करोग पसरलेल्या १९ रुग्णांना दिले, तेव्हा गाठींमध्ये साचलेल्या प्रमाणात तीसपटीहून जास्त फरक निघाला. त्याच औषधाची मोठी चाचणी रुग्ण असे चित्र पाहून न निवडता चालवली गेली, आणि फायदा दिसत नसल्याने २०१६ मध्ये थांबवावी लागली. सगळ्या रुग्णांना एकच माप लावले, तर ज्यांच्या गाठीत कण पोचतच नाही त्यांच्यात तो परिणाम दाखवणार कसा? पीएसएमएवर नेम धरणाऱ्या डोसेटॅक्सेलच्या पॉलिमर कणावर, बाइंड-०१४ वर, मोठ्या अपेक्षा होत्या. तो बनवणारी कंपनी २०१६ साली दिवाळखोरीत गेली.

गळक्या रक्तवाहिन्यांतून कण गाठीत साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली मांडले. २०१६ मध्ये टोरोंटोच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले अभ्यास चाळले, तेव्हा दिलेल्या डोसचा मध्यक ०.७ टक्के एवढाच भाग गाठीत पोचलेला आढळला. त्या मोजण्याच्या पद्धतीवर वाद झाले आणि ते रास्त आहेत, तरी यकृत आणि प्लीहा बहुतांश कण उचलतात हे कुणी नाकारत नाही. त्यातही हे उंदरांचे आकडे. २० ग्रॅमच्या उंदराला १ ग्रॅमची गाठ म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३ किलोची. इतकी मोठी, इतक्या वेगाने वाढलेली आणि इतकी गळकी गाठ दवाखान्यात क्वचितच येते.

आता आमचे म्हणणे नेमके. सामाईक सुविधेत पुढील गोष्टी एका आवारात हव्यात: हवा गाळलेली, दाब राखलेली स्वच्छ खोली आणि तिथे पंपासह जेट मिक्सर, टँजेन्शियल फ्लो गाळणी, साखरेच्या द्रावणातला नमुना उणे ३३ अंशांच्या खाली ठेवू शकणारा, जनरेटरवर असलेला लायोफिलायझर (गोठवून वाळवणारे यंत्र), कारण मे महिन्यातल्या वळिवात वीज गेली की शिजलेल्या साबुदाण्यासारखा खचलेला गोळा हाती येतो आणि आठवड्याचे काम वाया जाते. डीएलएसच्या जोडीला कण एकेक मोजणारे यंत्र, जीपीसी, एलसी-एमएस, उरलेले विद्रावक मोजायला हेडस्पेस जीसी हवे. ॲसिटोनची मर्यादा ५,००० पीपीएम आहे, ॲसिटोनायट्राइलची ४१० आणि डायक्लोरोमिथेनची ६००. कुठला विद्रावक निवडावा हे त्यातच आले. एन्डोटॉक्सिन, हिमोलिसिस (लाल पेशी फुटणे), मानवी रक्तातली कॉम्प्लिमेंट (प्रतिकार करणाऱ्या प्रथिनांची) चाचणी आणि पेगविरोधी प्रतिपिंडांची चाचणी ठरलेल्या पद्धतीने व्हाव्यात. पेगविरोधी प्रतिपिंड तयार झाले की दुसऱ्या डोसचे कण रक्तातून झपाट्याने काढले जातात, आणि एकच डोस देणाऱ्या अभ्यासात ते कधीच दिसत नाही. छोटी परवानाधारक किरणोत्सारी खोली आणि प्राण्यांचे स्पेक्ट-सीटी (शरीरातल्या किरणोत्सारी लेबलचे चित्र घेणारे यंत्र) त्याला लागून असावे. अमेरिकेत राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००४ साली मेरिलँडमधल्या फ्रेडरिकला अशी तपासणी-प्रयोगशाळा उभारली. तिने बाहेरच्या संशोधकांचे निवडक कण शुल्क न घेता तपासले आणि आपल्या चाचण्यांच्या कृती सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. त्या कृतींवरून आपल्याला सुरुवात करता येईल. भारताची नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून आहेत आणि नवी औषधे व चाचण्यांचे नियमही त्याच वर्षीचे. सुविधेतला प्रत्येक अहवाल त्यांच्या चौकटीत बसेल असाच लिहावा, म्हणजे पुढे तीच चाचणी पुन्हा करावी लागणार नाही.

यंत्रांइतकीच माणसे महत्त्वाची, किंबहुना जास्त. हे काम दोन वर्षांच्या प्रकल्प सहायकांवर चालत नाही. लायोफिलायझरचे चक्र बसवायला शिकलेला माणूस अनुदान संपताच जातो आणि पुढचा शून्यापासून सुरू करतो. सुविधेला निदान पाच-सहा कायम तंत्रज्ञ द्या, त्यातला एक किरणोत्सार सुरक्षा अधिकारी. यंत्र खरेदीला पैसे मिळतात, देखभाल कराराला मिळत नाहीत, ही नेहमीची रड आहे. पहिल्याच मंजुरीत दहा वर्षांची देखभाल धरा.

प्रस्ताव तपासताना नव्या कणाचे नावीन्य किती, या प्रश्नाला आज मिळणारे गुण कमी करा. वेगवेगळ्या महिन्यांत, दोन वेगळ्या हातांनी, पॉलिमरच्या दोन वेगळ्या लॉटमधून केलेल्या बॅचचे आकडे मागा. सिरममधल्या गळतीचा आलेख नसेल तर उंदरांवरच्या चित्रणाला मंजुरी देऊ नका. प्राण्यांचे जीव वाचवण्याचाही तोच मार्ग आहे, आणि आचार समित्यांनी हा मुद्दा उचलून धरावा अशी आमची विनंती आहे. चित्र पाहून डॉक्टर कोणता निर्णय बदलतील, हे कर्करोगतज्ज्ञाच्या सहीने लिहून घ्या. उत्तर नसेल तर चित्रण काढून टाका आणि औषधाचा कण चांगला करा. त्यात कमीपणा नाही. आणि पूर्वीच्या कणाची परीक्षा घेऊन तो नापास ठरवणाऱ्या प्रबंधाला पीएचडीसाठी पुरेसे काम माना. आज विद्यार्थी हे करत नाहीत, कारण त्यांना त्याची शिक्षा मिळते.

सुविधा उभी राहायला वेळ लागेल. तोवर एक गोष्ट लगेच करता येईल. पेग-पीएलजीएचा एकच लॉट घ्या, तो पाच प्रयोगशाळांना छोट्या वाट्यांत वाटा, औषधाशिवायचा १०० नॅनोमीटरचा कण एकाच लेखी कृतीने बनवायला सांगा, आणि प्रत्येकीचे नमुने बाकी चौघींनाही मोजायला द्या: आकार, आकाराचा पसारा, सिरममधले २४ तास, एन्डोटॉक्सिन, उरलेले ॲसिटोन. खर्च एका मध्यम प्रकल्पाच्या रसायनांच्या तरतुदीत बसतो. कृतीचा मसुदा, नमुन्यांच्या वाटपाची पद्धत आणि आकडे भरण्याचा तक्ता आम्ही तयार करून देऊ. आपण फक्त पाच प्रयोगशाळांची नावे ठरवा आणि निकाल काहीही आले तरी ते जसेच्या तसे प्रसिद्ध करण्याची परवानगी लेखी द्या.

कळावे,

आपले विनीत,
पॉलिमर, औषधनिर्माण आणि किरणोत्सारी औषधे या क्षेत्रांत काम करणारे पुण्यातील काही संशोधक व तंत्रज्ञ